आमटीतला केस आणि इंग्रजी नामे

सहावीतल्या मुलीची दुसऱ्या दिवशी चाचणी असल्याने तिला इंग्रजी नामांचे प्रकार समजावून देण्याचे काम रविवारी संध्याकाळी माझ्याकडे आले, आणि मी ते ज्या रुबाबात स्वीकारले त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो. सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम या तीन खुंट्यांवर माझी सगळी व्याकरणविद्या टांगलेली होती. मराठीत सोने, दूध, कळप, जुडी ही मंडळी सामान्यनामाच्या एकाच पंगतीत गुण्यागोविंदाने बसतात. तिच्या पुस्तकाने मात्र सोन्यादुधासाठी मटेरियल आणि कळपासाठी कलेक्टिव्ह अशी निराळी पाने मांडली होती.

"बाबा, माशांच्या घोळक्याला स्कूल का म्हणतात?" या प्रश्नावर, मासे शिस्तीत पोहतात म्हणून, असे मी ठोकून दिले. रात्री गुपचूप कोश उघडला, तेव्हा हे स्कूल डच भाषेतून आले असून त्याचा शाळेशी काडीचाही संबंध नसल्याचे समजले. कावळ्यांच्या समूहाला मर्डर म्हणणे तर १४८६ साली छापलेल्या, शिकारीवरच्या एका इंग्रजी पुस्तकातल्या लांबलचक यादीतही सापडते. हौसेखातर जमवलेले ते शब्द पाचशेहून अधिक वर्षांनी आमच्या घरात गुणांसाठी पाठ होत होते.

खरी दैना झाली ती काउंटेबल आणि अनकाउंटेबलपाशी. राइस मोजता येत नाही, असे मी सांगत असतानाच समोर मुलीची आई ताटात तांदूळ निवडत होती. आपण तांदूळ निवडले, भिजवले, संपले असे बेधडक अनेकवचनात म्हणतो. इंग्रजीत गहू न मोजता येणारा, पण ओट मात्र ओट्स होऊन अनेकवचनात हजर! वाटाण्याची कथा त्याहून मजेदार आहे: मूळ शब्द पीज हा एकवचनीच होता, पण त्यातला शेवटचा उच्चार लोकांना अनेकवचनाचा वाटला आणि त्यांनी तो कापून पी हा नवाच दाणा तयार केला. इंग्रजांची स्वतःचीच अशी फसगत झालेली पाहून मला जरा धीर आला.

"आणि हेअर?" तिने विचारले. "अनकाउंटेबल," मी ठामपणे सांगितले. हे उत्तर बरोबर होते, आणि म्हणूनच जेवताना घात झाला. तिने आमटीतून दोन बोटांच्या चिमटीत एक लांब केस वर काढला आणि विचारले, "मग आता हा?" डोक्यावर असेपर्यंत न मोजता येणारा केस आमटीत एकटा सापडला की इंग्रजीतही मोजता येतो, त्याच्याआधी अ लागतो, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागले. तिची आई मात्र त्याचे वचन न पाहता त्याचा मालक शोधत होती; माझ्या डोक्याकडे एकदाच पाहून तिने मला तत्काळ निर्दोष ठरवले.