ब्रीफ वाचायला दहा मिनिटं लागतात!

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सगळ्यांनी मिळून ऑनलाइन खेळायच्या, तीन आठवडे रोज रात्री बसून बांधलेल्या मिशनचं रविवारी चाळीस मिनिटांत मातेरं झालं. प्रचंड संतापलेय मी, आणि तो संताप गिळून टाकायची माझी अजिबात इच्छा नाही. कोणाला विमान नीट उतरवता आलं नाही म्हणून मी चिडलेली नाही, हे आधीच सांगते. विमानवाहू जहाजावर उतरणं हे फ्लाइट सिम्युलेटरमधल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक, त्यात माणूस चुकणारच. मी चिडलेय ती न वाचणाऱ्यांवर. दोन पानांचं ब्रीफ, म्हणजे मिशनचं सूचनापत्रक, होतं. आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवलेलं. बाराजणांनी नाव दिलं होतं, आणि रविवारी रेडिओवर जे जे प्रश्न कानावर आले त्यावरून छातीठोकपणे सांगते, चौघांपेक्षा जास्त जणांनी ते उघडलंसुद्धा नव्हतं.

असा इव्हेंट उभा करायला काय लागतं ते एकदा ऐकाच. डीसीएस या आमच्या सिम्युलेटरमध्ये जहाज समुद्रात सोडून दिलं की काम झालं, असं नसतं. विमान उतरताना डेकवरून साधारण २५ ते ३० नॉट वारा वाहायला हवा. म्हणून मिशनमध्ये वारा १२ नॉट, जहाजाचा वेग १५ नॉट आणि जहाजाचं तोंड वाऱ्याकडे. त्यातही उतरायची पट्टी जहाजाच्या रोखापासून सुमारे ९ अंश डावीकडे कललेली असते, त्यामुळे वारा नेमका त्या पट्टीवरून यावा असा कोन काढत बसावं लागतं. १५ नॉटने जहाज दोन तासांत ३० सागरी मैल जातं. तेवढा मोकळा समुद्र समोर ठेवला नाही, तर इव्हेंट ऐन रंगात आलेला असताना जहाज शेवटच्या वेपॉइंटला (मार्गावरच्या ठरवलेल्या टप्प्याला) पोचून ठप्प उभं राहतं आणि सगळा वाराच जातो. मग टॅकनचं (जहाजाची दिशा आणि अंतर दाखवणाऱ्या यंत्रणेचं) चॅनेल, आयसीएलएस (उतरताना रेघ आणि उंची दाखवणारी यंत्रणा), रेडिओच्या फ्रिक्वेन्सी, हवेत इंधन भरणारा टँकर, कोणाचं विमान डेकवर कुठे उभं राहणार ती एकेक जागा. माणसं वेगवेगळ्या टाइम झोनमधली, म्हणून सगळ्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायच्या आणि शिवाय प्रत्येकाच्या घड्याळाप्रमाणेही द्यायच्या. आदल्या दिवशी सिम्युलेटरचा अपडेट आला आणि डेकवरच्या जागांचा पार घोळ झाला. रात्री दोनपर्यंत बसून सगळं पुन्हा तपासलं. ते मी मोजतच नाही. अपडेट कधी येतो हे कोणाच्या हातात नसतं. ब्रीफ उघडणं मात्र नक्कीच असतं!

बाराजणांनी ‘येणार’ म्हणून कळवलं होतं. वेळेवर आले सात. दोघे पंचवीस मिनिटांनी उगवले. तिघांचा पत्ताच नाही, आणि आजपर्यंत त्यांच्याकडून एका ओळीचा निरोप नाही. कोणाच्या घरी कोणी आजारी पडतं, कोणाची वीज जाते, कोणाला ऑफिसातून सुटताच येत नाही. मला सगळं कळतं. पण ‘जमत नाहीये’ एवढं टाइप करायला किती वेळ लागतो? जागा भरल्या म्हणून मी दुसऱ्या तिघांना नाही म्हटलं होतं. त्यातला एक तर महिनाभर मागे लागला होता. तो त्या रात्री नुसता ऐकत बसला आणि त्याच्या डोळ्यांदेखत तीन विमानं रिकामी उभी राहिली. त्याला मी काय तोंड दाखवू?

आता जे आले त्यांच्याबद्दल. ‘ताई, टॅकन किती?’ ‘ताई, रेडिओ कुठला?’ ‘ताई, आपण कुठल्या तुकडीत?’ ‘ताई, लिंक परत टाक ना.’ इंजिनं सुरू झालेली, पहिली जोडी कॅटापल्टवर (विमान डेकवरून हवेत फेकणाऱ्या यंत्रावर) उभी, आणि मी एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्या हाताने पहिल्या पानावरच्या तिसऱ्या ओळीत असलेलं चॅनेल पुन्हा टाइप करतेय. एकदा नाही, पाच वेळा. शेवटच्या विचारणाऱ्याला मी म्हटलं, अरे, ब्रीफमध्ये आहे. तर म्हणे, ‘ते वाचायला वेळ नाही मिळाला, तू तोंडीच सांग.’ म्हणजे तुझ्या दहा मिनिटांसाठी बाकीच्या आठजणांनी खोळंबायचं?

आणि हे सगळं कशासाठी लिहिलेलं असतं? मला लिहायची हौस आहे म्हणून नाही. जहाजावर उतरायला पट्टी एकच असते. एकच! जमिनीवरच्या विमानतळावर कोणी रेंगाळलं तर बाकीचे लांब फिरून येतात, फार काही बिघडत नाही. इथे सगळे एका दोऱ्यात ओवलेले असतात. केस वन, म्हणजे दिवसा स्वच्छ हवेत उतरायची पद्धत, त्यात वरती थर असतात: पहिली तुकडी २,००० फुटांवर, दुसरी ३,०००, तिसरी ४,०००, जहाजाच्या डाव्या अंगाला डावीकडेच वळत घिरट्या घालायच्या. खालच्या थरातले गेले की वरचे एकेक पायरी खाली येतात. जहाजाच्या मागे तीन मैलांवरून ८०० फुटांवर यायचं, जहाजाच्या उजव्या बाजूने पुढे जायचं, डावीकडे ब्रेक (झटकन वळण), ६०० फुटांवर डाउनविंड (जहाजाला समांतर, उलट दिशेने), मग वळत खाली यायचं, आणि सरळ रेषेत मिळतात जेमतेम १५ ते १८ सेकंद. तेवढ्यात बॉल (उंची बरोबर आहे का ते दाखवणारा जहाजावरचा दिवा) बघायचा, पट्टीची मधली रेघ धरायची आणि विमानाचा कोन सांभाळायचा. दोन विमानांमध्ये ४५ ते ६० सेकंदांचं अंतर. म्हणजे पुढच्याने एक मिनिट वाया घालवलं की मागच्याला वेव्ह-ऑफ (न उतरता वर निघून जायचा हुकूम) मिळतो, त्याच्या मागचा लांबतो, आणि वर थरात थांबलेल्यांचं इंधन जळत राहतं. ज्याने ब्रीफ वाचलं नाही त्याला स्वतःला काहीच होत नाही. भोगतात ते मागचे!

उतरणारं विमान थांबवायला डेकवर आडव्या तारा असतात, त्यात विमानाचा हुक अडकतो. पहिल्या तुकडीतल्या एकाने तिसरी तार धरली, सुंदर उतरला. आणि उतरून तिथेच उभा राहिला. पट्टीच्या मधोमध, हुक खाली, इंजिन चालू. ब्रीफमध्ये ठळक अक्षरात होतं: थांबलात की थ्रॉटल मागे, हुक वर, उजवीकडे वळून फाउल लाइनच्या (पट्टीच्या कडेच्या रेषेच्या) बाहेर. हा काय करत होता? आपलं लँडिंग परत बघायला बाहेरचा कॅमेरा फिरवत होता. मागे ग्रूव्हमध्ये, म्हणजे शेवटच्या सरळ रेषेत, दुसरा आलेला. एलएसओच्या (उतरणाऱ्यांना डेकवरून सूचना देणाऱ्याच्या) जागी आमचा एक मित्र उभा होता, त्याने ‘वेव्ह-ऑफ, वेव्ह-ऑफ, फाउल डेक’ असा घसा फोडला, आणि ते कोणाला ऐकूच गेलं नाही, कारण तिसऱ्याच एका महाशयांचा माइक उघडा होता. त्यांच्या पंख्याची घरघर आणि घरातला टीव्ही सगळ्यांच्या कानात! खऱ्या नौदलात केस वनमध्ये रेडिओवर जवळजवळ शांतता पाळतात. झिप-लिप म्हणतात त्याला. विमानं एकमेकांना बघून आपापली जागा घेतात, कारण प्रत्येकाला आपला क्रम पाठ असतो. आमच्याकडे क्रम कोणाला माहीत नाही आणि तोंड मात्र एकाचंही बंद नाही. मागच्याला वेळेत दिसलं म्हणून तो वर निघाला, नाहीतर तारेत उभ्या असलेल्याच्या पाठीतच शिरला असता.

तरीही मी इथवर गप्प होते. पुढे जे झालं त्याने माझा तोल गेला.

आमच्यात एक नवा मुलगा आहे. जहाजावर उतरायला शिकतोय, महिनासुद्धा झाला नसेल. त्याने ब्रीफ वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, आकडे कागदावर उतरवून स्क्रीनच्या कडेला चिकटवले होते. उतरताना वजन ३४,००० पौंडांच्या वर नको, हे लक्षात ठेवून त्याने इंधन वेळेवर सोडलं. बॉल दिसल्यावर विमानाचा प्रकार आणि उरलेलं इंधन नीट सांगितलं. तीन वेळा बोल्टर झाला, म्हणजे हुक एकाही तारेत अडकला नाही. तिन्ही वेळा चाकं टेकताच पूर्ण थ्रॉटल दिला, जसं द्यायला हवं तसं, आणि पुन्हा वर जाऊन शिस्तीत आपल्या जागी आला. तिसऱ्या वेळी हुक शेवटच्या तारेच्या पुढे वीतभर टेकला असेल. एलएसओ त्याला दर फेरीनंतर शांतपणे सांगत होता, किंचित आधी पॉवर कमी कर, बॉल वर चाललाय. चौथ्या फेरीला तो डाउनविंडला आला आणि आम्ही सगळेच श्वास रोखून बघत होतो. या वेळी तो धरणार होता, मला खात्री होती.

आणि तेवढ्यात पंचवीस मिनिटं उशिरा आलेल्या दोघांपैकी एकाने, ज्याच्या नावावर हजारो तासांचं उड्डाण आहे आणि जो ते दर वेळी ऐकवतो, जहाजावरून वेगात एक फेरी मारायचं ठरवलं. व्हिडिओसाठी. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. डाव्या बाजूने आडवा, ६०० फुटांवर, ५५० नॉटच्या वेगाने आला. ६०० फूट ही डाउनविंडची उंची आहे, हे दुसऱ्या पानावर आकृतीसकट दिलंय! नव्या मुलाला तो दिसलाही नसेल. दोन्ही विमानं गेली. मग या गृहस्थाने घाईघाईने डेकवर नवं विमान घेतलं, ते नेमकं सरकत जाणाऱ्या दुसऱ्या विमानाला चिकटून उभं राहिलं, आणि डेकवर आणखी एक स्फोट. नवा मुलगा एवढंच म्हणाला, ‘ठीक आहे, माझंच लक्ष नसेल.’ तुझं लक्ष होतं रे! तुझ्याएवढं लक्ष त्या रात्री कोणाचंच नव्हतं. तो थोड्या वेळाने न बोलता निघून गेला.

मी त्या दुसऱ्याला जाब विचारला तर उत्तर काय? ‘अगं, गेमच तर आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस?’

हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्याची शीर तडतडते. गेम आहे, मान्य. पण पत्त्यांच्या डावातसुद्धा आपली पाळी येईपर्यंत माणूस थांबतो. नऊजणांनी आपल्या सुट्टीची संध्याकाळ एकाच गोष्टीसाठी ठेवली होती, ती संध्याकाळ काही गेममधली नव्हती. आणि जहाजावर उतरणं हे कधीच एकट्याचं काम नव्हतं. २ ऑगस्ट १९१७ रोजी एडविन डनिंग चालत्या जहाजावर पहिल्यांदा उतरला, ब्रिटिशांच्या एचएमएस फ्युरिअसवर. तेव्हा ना तारा होत्या ना हुक. डेकवरची माणसं धावत आली, त्यांनी विमानाला लावलेले पट्टे हातांनी धरले आणि ते खाली ओढून थांबवलं. पाचच दिवसांनी तसंच उतरताना विमान समुद्रात पडलं आणि डनिंग त्यात गेला. पहिल्या दिवसापासून हे असंच आहे, वैमानिकाला पकडायला खाली कोणीतरी उभं असावं लागतं. ते समजून घेऊन सगळ्यांनी मिळून करून बघणं, त्यासाठीच तर आम्ही हे खेळतो. एकट्याला मिरवायचं असेल तर सिंगल प्लेअर आहे की. तिथे जहाजाखालून जा, कोणी अडवणार नाही.

त्या रात्री एलएसओच्या जागी उभा असलेला मित्र दोन तास स्वतः एकदाही उडाला नाही. दुसऱ्यांच्या चुका टिपत, प्रत्येकाची फेरी लिहून काढत उभा होता. कोणी कुठली तार धरली, कोण खाली आला, कोण डावीकडे सरकला, सगळं नोंदवून त्याने रात्रीच प्रत्येकाला वेगळं पाठवलं. नऊपैकी दोघांनी उत्तर दिलं. काल त्याने मला कळवलं की पुढच्या वेळी तो नसेल. मी त्याला आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार होते?

नव्या मुलाला मात्र मी सोमवारी रात्री बोलावून घेतलं. तेच मिशन, तोच वारा, तेच जहाज, आम्ही दोघंच. दुसऱ्या फेरीला त्याने दुसरी तार धरली. थांबला, हुक वर घेतला, उजवीकडे वळला आणि फाउल लाइनच्या बाहेर जाऊन मगच ओरडला.

आणि आज सकाळी त्या व्हिडिओवाल्याचा मेसेज. ‘पुढचा इव्हेंट कधी? या वेळी रात्रीचा ठेवू, मजा येईल.’ रात्रीचा म्हणजे केस थ्री. मार्शलमध्ये (उतरण्याआधी हवेत थांबायच्या जागी) प्रत्येकाची उंची वेगळी, अंतर वेगळं, ६,००० फुटांवर असाल तर २१ मैल, आणि प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या मिनिटालाच खाली यायला निघायचं, एकामागून एक, अंधारात. ज्याला भर दिवसा, स्वच्छ हवेत दुसऱ्याची ६०० फुटांची वाट मोकळी ठेवता आली नाही, तो हे मागतोय!

त्याचं नाव मी यादीतून काढलंय. तसं त्याला सरळ शब्दांत लिहून कळवलंय, कारणासकट. न सांगता गैरहजर राहिलेल्या तिघांचीही नावं काढलीत. यापुढे ब्रीफमधले पाच प्रश्न विचारणार आणि पाचही उत्तरं बरोबर आल्याशिवाय कोणालाही सर्व्हरचा पासवर्ड देणार नाही. सहाजण उरले तर सहाजणांचं मिशन बांधेन. पहिला स्लॉट त्या महिनाभर मागे लागलेल्या माणसाचा, आणि त्याने उत्तरं आजच पाठवलीसुद्धा.