फुटणाऱ्याचा फायदा काय? दोन आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

विष सोडून इतर जिवाणूंना मारणाऱ्या जिवाणूंवर मी लेख लिहिला होता, त्यावर तुमचे आक्षेप दोन. विष सोडणारा जिवाणू स्वतःच फुटून मरतो, मग फायदा कुणाचा? आणि द्रवात हरणारा अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) जिंकला म्हणून मी सगळं श्रेय जागेला, म्हणजे कोण कुणाच्या शेजारी आहे याला, दिलं, पण अगारवर अन्न, ऑक्सिजन, सगळंच वेगळं असतं.

दुसरा आक्षेप रास्त आहे. मी चाओ आणि लेव्हिन या संशोधकांच्या 1981च्या प्रयोगावरच थांबलो. कोलिसिन हे विष बनवणारे ई. कोलाय जिवाणू द्रवात शंभरात दोनांहून जास्त असतील तरच वरचढ ठरले. मऊ अगारमध्ये दहा लाखांत एक असूनही. आकडे बोलके आहेत, पण तुमची शंका त्यांनी फिटत नाही.

ती फिटते बेंजामिन केर आणि सहकाऱ्यांच्या 2002च्या प्रयोगात. तीन वाण घेतले: विष सोडणारा, विषाला बळी पडणारा आणि विषाला दाद न देणारा. हलवत्या फ्लास्कमध्ये आधी बळी संपले, मग दाद न देणाऱ्याने मैदान मारलं, कारण विष बनवण्याचा खर्च त्याला नव्हता. अगारच्या प्लेटवर मात्र रोज मखमली कापडाने जसाच्या तसा ठसा नव्या प्लेटवर उमटवला, तेव्हा तिघेही टिकले. आता खरी गंमत. तीच प्लेट, तीच मखमल. फक्त ठसा घेताना प्लेट फिरवून फिरवून पुन्हा पुन्हा टेकवली. निकाल फ्लास्कसारखाच! अन्न तेच, हवा तीच, मोडला तो फक्त शेजार.

पहिल्या आक्षेपाचं उत्तरही शेजारातच आहे. सगळे फुटत नाहीत, थोडेच फुटतात. अगारवर त्यांच्याभोवती त्यांचीच भावंडं असतात. बळी पडणाऱ्या जिवाणूंच्या दुधाळ थरात विष सोडणाऱ्यांच्या वसाहतीभोवती नितळ कडं पडलेलं मी पदव्युत्तर वर्गात पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला त्यात फक्त मेलेले दिसले होते. त्या कड्यातलं न खाल्लेलं अन्न मात्र भावंडांकडे झिरपतं. फ्लास्कमध्ये तेच अन्न ज्याला सापडेल त्याचं. (आपल्याकडे भाऊबंदकी म्हणजे बांधावरची भांडणं, इथे उलटंच.)

'फ्लास्क हाच निसर्गाच्या जवळचा' हे तुमचं वाक्य मात्र मला पटलं नाही. मातीच्या ढेकळाला दिवसभर कोण हलवतं?

आणि हो, माझ्या लेखाच्या शीर्षकातला 'प्रतिजैविक' हा शब्द ढोबळ होता. कोलिसिन हे प्रथिन आहे, जवळच्या नातलगांनाच मारतं. शीर्षक आज बदलतोय, 1981चा परिच्छेदही. तोवर तुमची प्रतिक्रिया लेखाखाली सगळ्यात वर पिन करून ठेवली आहे.