ऑड टॅक्सी: गप्पा हाच खरा प्लॉट

लेखात तुम्ही म्हणताय की ऑड टॅक्सी या प्राण्यांची पात्रं असलेल्या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचे पहिले भाग नुसत्या गप्पांमध्ये जातात आणि स्टोरी पुढेच सरकत नाही, हे मला अजिबात पटलं नाही. मी चौथ्या भागापर्यंत आलेय आणि मला तर त्या गप्पांनीच धरून ठेवलंय! हीरो ओदोकावा म्हणजे ४१ वर्षांचा वॉलरस, टोकियोत टॅक्सी चालवतो, झोप येत नाही, तुटक बोलतो, आणि मागच्या सीटवर येऊन बसणारा प्रत्येक जण आपापलं रडगाणं घेऊन येतो, तो व्हायरल व्हायला आसुसलेला पाणघोडा काबासावा बघा, गाडीतच फोटो काढायला लागतो, तेव्हा वाटतं हा टाइमपास चाललाय, पण त्या बडबडीतूनच एका बेपत्ता मुलीच्या केसचे धागे हळूहळू हाताला लागतात. शिवाय आवाज आधी रेकॉर्ड करून मग अ‍ॅनिमेशन केलंय म्हणे, म्हणूनच ते एकमेकांचं बोलणं तोडणं, मध्येच गप्प होणं इतकं खरं वाटतं.

आणि चौथा भाग! अख्खा भाग तानाका नावाच्या पात्राचाच, लहानपणीच्या खोडरबरांच्या वेडापासून मोबाइल गेममधल्या डोडो पक्ष्यापर्यंत, आणि एक साधा ऑफिसात जाणारा माणूस कुठल्या थराला जाऊ शकतो ते बघून अंगावर काटा आला. हीरो जवळपास बाजूलाच, तरी एक मिनिट कंटाळा नाही. प्राणी बघून लहान मुलांचं कार्टून समजू नका कोणी, आणि तुम्हीही प्लीज निदान चौथा भाग बघून मगच सोडा. पुढचे स्पॉइलर कृपया इथे कुणी टाकू नका.