चेंडू किती लांब गेला, ते आधी सांगा; मग टेप काढा

तिसरी-चौथीच्या मुलांना मीटर-सेंटिमीटर शिकवायला मैदानात नेतात, ते चांगलंच. पण तिथे गुण मिळतात लांब फेकणाऱ्याला. मग तोच एक दांडगा पोट्टा दरवेळी जिंकतो, टेप गुरुजींच्या हातात राहतो आणि बाकीचे नुसता कल्ला करतात.

माझ्या मते गुण फेकीला देऊच नये, अंदाजाला द्यावा. चेंडू पडला की गटातल्या प्रत्येकाने अंतर बोलायचं, ते पाटीवर लिहायचं आणि मगच मोजायचं. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ, त्याला गुण. मग टेप सैल धरलाय की पीळ पडलाय, यावर पोट्टेच नजर ठेवतात.

चेंडू चिंध्यांचा बांधा. रबरी चेंडू मुरमावर टप्पा घेऊन घरंगळतो आणि कुठवर मोजायचं यावरच भांडण लागतं. चिंध्यांचा पडला तिथे बसतो. फेक खालच्या हाताने घ्या, नाहीतर टेप पुरत नाही.

गवंड्याचा 5 मीटरचा टेप अपुरा पडतो. 15 किंवा 30 मीटरचा फायबरचा हवा. नसेल तर वावरातून सरळ तुराटी आणा, नेमकी 1 मीटर कापा, दर 10 सेंटिमीटरवर खूण करा. तुराटी पुढे सरकवताना टोकाशी मातीत बारीक रेघ ओढायची. बोट ठेवून सरकवली की बोटाच्या जाडीएवढी चूक प्रत्येक मीटरला पडते.

शून्याचा घोळ वेगळाच. काही टेपांचं शून्य कडीच्या बाहेरच्या काठावर असतं, काहींचं थोडं आत छापलेलं. कंपासमधल्या पट्टीलाही दोन्ही टोकांना कोरी जागा असते. 31 सेंटिमीटरची पट्टी 30 धरून दहा वेळा ठेवली, की 3 मीटर 10 सेंटिमीटरचे 3 मीटर होतात.

सगळ्यात हट्टी चूक मात्र लिहिण्यातली. 2 मीटर 5 सेंटिमीटर झाले की मुलं 2.5 लिहितात. तुम्ही फळ्यावर कितीही समजवा. इथे 45 सेंटिमीटरच्या फरकाने गुण गेला की समोरचा गटच ती चूक पकडतो. सुरुवातीला दशांश चिन्ह नकोच. दोन रकाने आखा आणि सेंटिमीटरच्या रकान्यात कायम दोन आकडे लिहायला लावा: 05.

हे सगळं दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते आणि मार्चपासून फक्त सकाळची वेळ उरते.

जमलं की खेळाचं मैदान मुलांकडूनच आखून घ्या: 10 मीटर गुणिले 10 मीटर, म्हणजे बरोबर 1 आर. घरच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेलं असतं, तोच हा आर. (बाप मात्र एकरातच बोलणार!) फक्की चुन्याची नको, डोळ्यात गेली की जळते, चुलीतली राख चालते. चारही बाजू 10 मीटर भरल्या तरी चौकोन तिरका असू शकतो, म्हणून दोन्ही कर्ण मोजा. 14 मीटर 14 सेंटिमीटरच्या आसपास आणि दोन्ही सारखे यायला हवेत. एक मोठा, एक लहान आला तर मोठ्या कर्णाच्या टोकाची खुंटी आत घ्या, बाजू परत 10 मीटरला जुळवा आणि पुन्हा मोजा.