दुरून सपाटी साजरी

घाटात सायकल घालणारा माणूस मनाची तयारी करून येतो, कारण डोंगर फक्त दुरूनच साजरे हे त्याला शाळेपासून ठाऊक असतं. सपाटीबद्दल मात्र कुणी सावध करत नाही. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून, कालव्याच्या काठाने, नदीच्या बांधावरून जाणाऱ्या आणि मोटारींना मज्जाव असलेल्या सायकलवाटांच्या माहितीपत्रकावर 'सोपा मार्ग, सर्व वयोगटांसाठी' असं छापलेलं असतं आणि शेजारी एक हसरं कुटुंब. माझी तक्रार त्या कुटुंबाबद्दल आहे. ते कायम पहिल्या पाच किलोमीटरांतलं असतं. चाळिसाव्या किलोमीटरला त्यांचा फोटो काढायची हिंमत कुणी केलेली दिसत नाही.

चाळिसाव्या किलोमीटरला प्रश्न पायांचा नसतो, बुडाचा असतो. घाटात चढावर माणूस पेडलवर उभा राहतो आणि उतारावर पाय थांबवून जरा सरकून बसतो. सपाटीला चढ नाही म्हणून उठायला निमित्त नाही, उतार नाही म्हणून थांबायची सोय नाही. मिनिटाला ७५ फेरे धरले तर तासाला साडेचार हजार, आणि सगळे एकाच आसनात. यावर इलाज एकच: दर दहा मिनिटांनी, गरज वाटो न वाटो, पंधरा सेकंद पेडलवर उभं राहायचं. दुखायला लागल्यावर उठण्याचा काही उपयोग नसतो. कुणी विचारलंच तर निसर्ग पाहतोय म्हणावं.

मग लोक जेलचं जाड कव्हर विकत घेतात. तिथेच फसतात. मऊ गादीत बैठकीची दोन हाडं खाली रुततात आणि मधला भाग वर येऊन नको तिथे दाबतो. लांबच्या प्रवासाला हाडांच्या रुंदीची, जरा कडकच सीट बरी. उंची ठरवताना टाच पेडलवर ठेवावी. पेडल तळाला असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवड्याने चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट त्याहून वर गेली की कंबर डावी-उजवी झुलते आणि मांड्या सोलवटतात. सीटचं नाक वर असेल तर बधिरपणा येतो. खाली असेल तर शरीर पुढे घसरतं, सगळा भार तळहातांवर पडतो आणि संध्याकाळी करंगळीला मुंग्या येतात. आधी सीट पाटीसारखी सपाट लावावी, मग एकेका अंशाने बदलावी. आणि पॅड असलेल्या सायकलच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, तिची शिवण घासते. एवढं महत्त्वाचं वाक्य एकाही माहितीपत्रकात सापडत नाही.

बरं, सपाट म्हणजे तरी किती सपाट? पोलादी रुळावर पोलादी चाक फार चढ ओढू शकत नाही, म्हणून रेल्वेच्या अभियंत्यांनी चढ एक-दोन टक्क्यांत बसवले. ऐकायला ते काहीच नाही. पण दोन टक्क्यांचा चढ वीस किलोमीटर चालला की ४०० मीटर उंची होते, आणि सरळ, झाडांत बुडालेल्या वाटेवर तो डोळ्यांना दिसतच नाही. दिसतो तो फक्त वेग कमी झालेला. माणूस आधी ब्रेकवर संशय घेतो, मग टायरवर, शेवटी स्वतःच्या वयावर. चाक उचलून फिरवून पाहावं. मोकळं फिरत असेल तर दोष भूगोलाचा आहे. गुमान एक गिअर हलका करावा. अमेरिकेतला पिट्सबर्ग ते कम्बरलंड हा जुन्या रेल्वेमार्गावरचा २४० किलोमीटरांचा ग्रेट अलेघेनी पॅसेज याचा नमुना आहे. पिट्सबर्गकडून चढ इतका हळू येतो की कळत नाही. कम्बरलंडकडून निघालात तर मात्र जेमतेम ३८ किलोमीटरांत सुमारे ५४० मीटर चढायचं आहे, तेही माथ्याच्या अलीकडच्या बिग सॅव्हेज बोगद्यासह. हा बोगदा जवळपास एक किलोमीटर लांब आहे आणि हिवाळ्यात त्याला चक्क दारं लावून ठेवतात.

कालवे त्या मानाने प्रामाणिक. पाणी चढत नाही, त्यामुळे दोन जलपाशांमधली (जलपाश म्हणजे बोटींना वर-खाली नेणारे दारांचे हौद) वाट खरोखर सपाट असते आणि जलपाशापाशी एक छोटासा चढ येतो. तिथे छळ मुळांचा. फ्रान्समधल्या तुलूझपासून सेतपर्यंतचा २४० किलोमीटरांचा कॅनाल द्यु मिदी हा कालवा १६८१ साली सुरू झाला. नंतर त्याच्या काठाने सावलीसाठी प्लेनची, म्हणजे चिनाराच्या जातीची, झाडं लावली. सावली झकास आहे. तुलूझकडून पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरही आहे. ते संपलं की मातीची वाट आणि तिच्यात आडवी मुळं. २८ मिलिमीटरच्या कडक टायरवर ही सावली दातांत मोजता येते. ३८ ते ४० मिलिमीटरचा टायर आणि तीन-साडेतीन बार (हवेच्या दाबाचं एकक) हवा, यापेक्षा बारीक काही तिथे नेऊ नये. हवा फारच कमी ठेवली तरी मूळ टायरला रिमवर आपटतं आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. दोन छिद्रं दिसली की काटा शोधत बसू नका, पंप शोधा.

एकच छिद्र असेल तर काटा. इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या विणीमुळे शेताची कुंपणं १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटायला बंदी असते. पक्ष्यांच्या बाजूने कायदा आहे, सायकलवाल्यांच्या बाजूने नाही. सप्टेंबर लागला की ट्रॅक्टर निघतात आणि हॉथॉर्नचे काटे वाटभर पसरतात. पंक्चर काढणं अवघड नाही, काटा काढणं अवघड आहे. त्यासाठी एक शिस्त: टायर बसवतानाच त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणून ठेवायचं. ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळून फिरवायची. गालाला बारीक झुळूक कळते, हाताला कळत नाही. छिद्र व्हॉल्व्हपासून वीतभर असेल तर टायरवर नावापासून वीतभर, दोन्ही बाजूंना, आतून बोट फिरवायचं. हळू, नाहीतर काटा बोटाला सापडतो. पॉलिश पेपरने ट्यूब खरखरीत करायची, पॅचपेक्षा मोठं सोल्युशन लावायचं आणि त्याची चमक जाईपर्यंत, म्हणजे चारपाच मिनिटं, हात खिशात ठेवायचे. ओल्यावर पॅच चिकटवणारे लोक पुढच्या वळणावर पुन्हा भेटतात.

आता अडथळे. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून वाटेच्या तोंडाशी पोलादी नळ्या अशा तिरक्या रोवतात की खाली रुंद आणि हँडलच्या उंचीला अरुंद फट राहते. मोटारसायकलवाला शेजारच्या कुंपणातून आत जातो. अडकतो तो सामान लादलेला प्रवासी. पंधरा किलोची सायकल, पंधरा किलोचं सामान, आणि मागच्या दोन पिशव्या नळ्यांत पाचरीसारख्या. ओढू नका, पिशवीचा हूक तुटतो. आधी पिशव्या उतरवून पलीकडे ठेवायच्या, मग हँडल तिरकं करून एक टोक आधी, दुसरं नंतर घालायचं. अर्धगोलातलं झुलतं फाटक असेल तर सायकल मागच्या चाकावर उभी करून तिच्यासोबत आत शिरायचं आणि गिरकी घ्यायची. पाहणाऱ्याला हे नृत्य वाटतं. चार पिशव्या असल्या की हे चौपट. म्हणून मागे दोन आणि हँडलवर एक छोटी, याउपर सामान न्यायचंच नाही असं माझं ठाम मत आहे. आरसा घडीचा घ्यावा.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. बांधावर आडोसा नसतो. जर्मनीतल्या पासाऊहून व्हिएन्नाला डॅन्यूबकाठाने जाणारे बहुतेक सगळे नदीच्या प्रवाहाबरोबर जातात ते नदीच्या उतारासाठी नव्हे, तो नगण्य आहे. तिथला वारा बहुधा पश्चिमेचा असतो. उलट दिशेने येणारी माणसं चेहऱ्यावरून ओळखू येतात.

दिशादर्शक पाट्यांची तक्रार बेल्जियम-नेदरलँड्समध्ये तरी करता येत नाही. प्रत्येक फाट्याला क्रमांक असतो. ही पद्धत १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात सुरू झाली. दिवसभरात लागणाऱ्या फाट्यांचे क्रमांक चिकटपट्टीवर लिहून हँडलच्या दांड्यावर लावायचे, बस्स. फक्त बॉलपेनाने लिहू नका, पावसात ६ चा ८ होतो.

राहिली घंटी. ती वीस-तीस मीटर आधी वाजवायची आणि वेगही कमी करायचा. फार जवळून वाजवली तर चालणारी जोडी दचकून दोन बाजूंना उडते, आणि लांब होणाऱ्या पट्ट्याचं कुत्रं तिसरी बाजू शोधतं. पट्टा पाच-पाच मीटर लांब, बारीक, आणि नेमका पुढच्या चाकाच्या उंचीला. कुत्र्याकडे पाहू नका, मालकाच्या हाताकडे पाहा. त्याने बटण दाबून पट्टा आखडता घेतला की मगच निघा. कुत्री दोन असतील तर सरळ उतरा.