‘जोडीतली दोन बिट्स वेगवेगळ्या मापाची पाठवली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला आणि सोबतचा व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. तुमचं म्हणणं असं, की घोड्याच्या पहिल्या डबल ब्रायडलसाठी, म्हणजे तोंडात एकाच वेळी दोन बिट्स (लगामाला जोडलेले धातूचे तुकडे) बसवणाऱ्या साजासाठी, ब्रॅडून (बाजूला कड्या असलेलं बिट) आणि वेमथ (बाजूला दांडे आणि हनुवटीखाली साखळी असलेलं बिट, यालाच कर्ब म्हणतात) वेगवेगळ्या मापाचं आलं, मागितलेल्या जाड बिट्सऐवजी बारीक आली, आणि ती घातल्यापासून घोडा मान झटकतो, तोंड उघडतो. पहिल्या दोन गोष्टी आम्ही विचार करून केल्या होत्या. तिसरीची मात्र काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माप. रोजचं स्नॅफल (एकटंच वापरायचं साधं बिट) १३.५ सेंमीचं आहे असं तुम्ही कळवलं होतं. ब्रॅडून तेवढंच दिलं, वेमथ १३ सेंमीचं. ब्रॅडूनच्या कड्या फिरत्या आहेत, त्यांना ओठांच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक हवी, नाहीतर कातडी चिमटते. वेमथला मध्ये सांधा नसतो. ते रुंद असलं की तोंडात आडवं सरकतं, आणि जिभेसाठी ठेवलेली कमान जिभेवरून हटून तिची कड भलतीकडेच टोचते. म्हणून वेमथचे दांडे ओठांना हलकेच लागून असावे लागतात. दोन्ही बिट्स एकाच मापाची असती, तर त्यातलं एक नक्की चुकीचं बसलं असतं.

आता जाडी. जाड बिट सौम्य असतं हे आपण सगळेच ऐकत आलोय, आणि मोठ्या तोंडात एकच बिट असेल तर दाब जास्त जागेवर पसरतो हे खरंही आहे. पण इथे एका तोंडात दोन बिट्स राहणार आहेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत घोड्याची जीभ मांसल आहे, दातांच्या कडांपर्यंत येते, आणि टाळू सपाट आहे. म्हणजे तोंड मिटल्यावर आत फारशी जागा उरतच नाही. तिथे १६ मिमीचं ब्रॅडून आणि १८ मिमीचं वेमथ घातलं असतं, तर जिभेला हलायला वाव राहिला नसता, घोट गिळणंही अवघड झालं असतं. म्हणून १२ आणि १४ मिमी दिली. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या, नियमांत ब्रॅडून किमान १० आणि कर्ब किमान १२ मिमी जाड लागतं. आपली दोन्ही त्याहून जाडच आहेत. जिभेचे, सुळ्यांचे इतके फोटो कशाला मागितले, याचं उत्तरही हेच आहे. नर घोड्याला बहुधा सुळे असतात आणि कर्ब त्यांच्या वर, मोकळ्या हिरडीवर बसायला हवं. किती जागा आहे हे तोंड बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू नये.

दांडा लहान आहे, जोर येत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. खालचा दांडा ५ सेंमीचा आहे. नियमात १० सेंमीपर्यंत चालतो, पण पहिल्या खेपेला मी कुणालाच लांब दांडा सुचवत नाही. घोड्याला आधी हे समजू दे, जोर नंतर.

आता व्हिडिओ, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. चालीत कर्बचा लगाम सैल आहे तोवर घोड्याचं तोंड शांत आहे, तो बिट हलकेच चघळतोय. दुडकीत तुम्ही दोन्ही लगाम सारखेच आखडले आणि तिथून मान झटकणं सुरू झालं. साखळी इतकी आवळली आहे की दांडा जेमतेम हलतो. कर्बचा लगाम घेतल्यावर दांडा तोंडाच्या रेषेपासून साधारण ४५ अंश मागे यावा, तेव्हा कुठे साखळी हनुवटीखालच्या खाचेत लागावी, आणि तिच्या कड्या सपाट बसाव्यात. ब्रॅडूनही खाली लोंबतंय, वेमथवर आपटतंय. ते एक भोक वर घ्या. नोजबँडखाली (नाकावरून जाणाऱ्या पट्ट्याखाली), नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज जाऊ द्यात. आवळलेल्या नोजबँडमुळे घोड्याला जे सांगायचंय ते दिसेनासं होतं.

एवढं केल्यावर काही दिवस फक्त ब्रॅडूनच्या लगामावर चालवा, कर्बचा लगाम लोंबता ठेवा. दातांची तपासणी अजून झाली नसेल तर त्याआधी करून घ्या. एखादी धारदार कड असेल तर कुठलंच बिट त्याला सोसणार नाही. त्यानंतरही तोंड उघडत असेल तर वेमथ परत पाठवा, रुंद कमानीचं दुसरं वापरून बघायला देते आणि जे मानवेल तेच ठेवून घ्या. फक्त जाड जोडी बदलून द्या असं म्हणाल, तर या घोड्यासाठी मी ती देणार नाही. साखळी सैल केल्यावरचा, कर्बचा लगाम घेतलेल्या क्षणाचा एक फोटो बाजूने काढून पाठवा, मी स्वतः बघून कळवते.