पाचपैकी दोन

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली सकाळ. पोहे निथळत ठेवले होते. लेक फोन हातात धरून ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, दोन." नेमका तेव्हाच नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. तिने लगेच हिशोब मांडला, "पाचपैकी दोन म्हणजे चाळीस टक्के. पस्तीसला पास ना गं?"

पास नव्हे. इथे तीनला पास समजतात.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची आणि एक ते पाचमध्ये गुण मिळवायचे. न्यू जर्सीतल्या आमच्या शाळेत नववीच्या मुलांना मानवी भूगोल घेता येतो. लेकीने घेतला, मीही घेऊ दिला. खरं सांगायचं तर मीच घ्यायला लावला, कारण गणपतीच्या पंगतीत वाढता वाढता "तुमची किती एपी करतेय?" असं विचारणारे चारजण दर वर्षी भेटतात.

त्याच आठवड्यात वहिनीचा मेसेज आला. भाचा सीबीएसईत आहे. २०२६पासून त्यांच्या दहावीची बोर्डाची परीक्षा वर्षात दोनदा होते. फेब्रुवारीतली सक्तीची, मेमधली ऐच्छिक. तीन विषयांपर्यंत गुण सुधारता येतात आणि जे चांगले ते धरले जातात. वहिनी विचारत होती, "तुमच्याकडे अशीच सोय असते ना? मुलांना ताण नसतो म्हणतात." उत्तर लिहायला बसले आणि दोन ओळींत मावेना.

सोय आहे, त्याहून मोठी आहे. कॉलेजचा अर्ज भरायचा बारावीच्या सुरुवातीला, आणि त्यात एपीचे कुठले गुण लिहायचे हे सहसा मूलच ठरवतं. पाच मिळाले तर लिहा, दोन मिळाले तर ती ओळ रिकामी ठेवा. अधिकृत गुणपत्रक बहुतेक ठिकाणी प्रवेश पक्का झाल्यावर मागवतात, तेही क्रेडिट, म्हणजे कॉलेजात तो विषय आधीच झाल्याचं श्रेय, हवं असेल तर. अगदीच नको झाले तर कॉलेज बोर्डाला कळवून ते गुण कायमचे रद्दही करता येतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकून ठेवायला नियमांचीच परवानगी. अपवाद आहेत. येल विद्यापीठाने २०२४मध्ये एसएटी या प्रवेशासाठीच्या परीक्षेऐवजी एपीचे गुण दाखवायची मुभा दिली, पण ती घेतलीत तर दिलेल्या सगळ्या परीक्षांचे गुण दाखवायचे. तिथे नववीतला दोन उठून बसतो.

मग नववीत पाच मिळवून काय मिळतं? थोडंफार. मूल अवघड अभ्यास पेलू शकतं हे लवकर दिसतं. पण कॉलेजं पाहतात ते मुलाच्या शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं त्याने काय घेतलं हे. कित्येक शाळा नववीत एपी देतच नाहीत. क्रेडिटचं म्हणाल तर कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तीनलाही देतात, आणि डार्टमथ, ब्राउन ही विद्यापीठं पाचालाही देत नाहीत. एका परीक्षेची फी मात्र शंभर डॉलरच्या घरात.

इथवर वाचून वहिनी म्हणेल, बघा, किती छान. पुढचं तिला पटत नाही. त्याच विषयात वर्गातली श्रेणी लेकीला मिळाली 'बी'. दोन नकाशे उशिरा दिले, एका चाचणीच्या दिवशी ताप होता. हा बी झाकता येत नाही. नववी ते बारावीच्या प्रगतिपत्रकात तो छापून जाणार, आणि तिने पुढे काहीही केलं तरी तिथेच राहणार. मे महिन्यातली सव्वादोन तासांची परीक्षा माफ, ऑक्टोबरमधला उशिरा दिलेला नकाशा माफ नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं. मला नववीच्या सहामाहीत गणितात अठ्ठेचाळीस होते. बाबांनी प्रगतिपुस्तकावर सही केली, दोन दिवस बोलले नाहीत आणि विषय संपला. त्यानंतर जगात कुणीही मला ते अठ्ठेचाळीस विचारलेले नाहीत. दहावीने अकरावीचं कॉलेज ठरवलं, आणि सीईटीने दहावीलाही पुसून टाकलं. ती एक परीक्षा किती क्रूर असते यावर आपण तावातावाने बोलतो, ते खरंही आहे; एका सकाळच्या तापाने वर्ष जातं. पण आधीचं सगळं विसरण्याची जी ताकद त्या परीक्षेत आहे, ती इथे आल्यावर मला दिसली. इथे विसरत कोणीच नाही. आणि बारावीच्या एपी परीक्षेचे गुण येतात जुलैत, प्रवेश ठरून गेल्यावर. हे सांगितलं तेव्हा वहिनीला वाटलं मी थट्टा करतेय.

(सॅन होजेची मैत्रीण निवांत असते. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं सरासरी काढताना दहावी-अकरावीचीच श्रेणी धरतात आणि एपी विषयाच्या श्रेणीला मिळणारं जादा वजनही जास्तीत जास्त आठ सत्रांपुरतंच देतात. नववीची बी तिथे दिसते, पण मोजली जात नाही. मला हा मधला मार्ग फार आवडतो, आणि तो आमच्या पूर्व किनाऱ्यावर सहसा दिसत नाही.)

म्हणून सीबीएसईचा दोनदा परीक्षेचा निर्णय मला चांगलाच वाटतो, फक्त त्याने ताण निम्मा होईल असं वाटत नाही. भाच्याच्या क्लासवाल्यांनी बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीची 'फाउंडेशन' बॅच आठवीपासून चालवली आहे, आणि त्या बॅचला फेब्रुवारी काय नि मे काय. शाळेच्या रोजच्या कामाला किंमत द्या असं पुण्या-मुंबईतले माझे मित्र म्हणतात तेव्हा मात्र मी जरा दचकते. किंमत द्या, पण नववीतल्या उशिरा दिलेल्या वहीची किंमत किती वर्षं वसूल करणार, हेही आधी ठरवा.

वहिनीला शेवटी एवढंच लिहिलं की पहिला निकाल लागला की दोन दिवस कुणाला फोन करू नकोस. आम्ही ती चूक केली. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना जो दोन कधीच कळणार नाही, तो गंगापूर रोडवरच्या आईच्या सोसायटीत सगळ्यांना तोंडपाठ आहे.